सावकाराचा कोट आणि सरपंचाचे झेंडावंदन

मी, मुखरू दादाजी निकुरे, वय एकाहत्तर, धंदा झाडीपट्टीच्या नाटकांना ड्रेपरी, म्हणजे पात्रांचे कपडे, भाड्याने देणे, राहणार मौजा बोडीटोला, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने व अक्कलहुशारीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. पत्नी मनकर्णा शेजारी बसून वाल सोलते आहे आणि लिहिलेले दर ओळीला वाचून दाखवायला लावते आहे, त्याला दाब समजू नये.

कलम १. शिलाई मशीन आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते मनकर्णाचे. त्याचे तिने काय केले हे कोणी विचारू नये. मी जिवंतपणीही विचारले नाही.

कलम २. ड्रेपरीच्या सर्व पेट्या मुलगी रुपाली हिला. अट एकच, पेटीतला कोट किंवा जाकीट कोणत्याही पुढाऱ्याला सरकारी कार्यक्रमासाठी देऊ नये. "मुखरूभाऊ, एका दिवसासाठी द्या" म्हणत नेतात. एका ग्रामपंचायत सदस्याने जाकीट परत आणले ते छातीवर रश्शाचा डाग घेऊन, आणि वर म्हणाला, हे जनतेचे प्रेम आहे. ते प्रेम साबणाने गेले नाही.

पुढाऱ्याने सरकारी कार्यक्रमाला नीटनेटके जावे, हे माझे स्पष्ट मत आहे. खुर्ची त्याच्या घरची नाही, म्हणून तिच्यापुढे इस्त्री करून उभे राहावे. पण कपडे स्वतःचे असावेत. मनकर्णाचे मत वेगळे असून तिच्या आग्रहाखातर नोंदवतो: "कपडे पाहून का रस्ता होते? आंगात पोतं घालून येऊ दे, काम करते का नाई ते पाहा."

कलम ३. माझी मासे धरायची जाळी शेजारी पत्रू याला. त्याने ती तशीही नेलेलीच आहे.

कलम ४. राहत्या घराचा निम्मा भाग धाकटा भाऊ धनराज याला. याचे कारण सविस्तर लिहिणे भाग आहे.

धनराज नऊ वर्षांपूर्वी आमच्या गावचा सरपंच झाला. त्या जानेवारीत शंकरपटानिमित्त, म्हणजे बैलांच्या शर्यतीनिमित्त, गावात नाटक होते, आणि दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी. उजाडता उजाडता नाटक संपले, मी पेट्या भरत होतो, तेवढ्यात धनराज धावत आला. तालुक्याहून साहेब सुटाबुटात येणार, सरपंचाने कोट घालावा, असे ग्रामसेवक म्हणाले होते. मी त्याच्यापुढे डॉक्टरच्या पात्राचा तपकिरी कोट धरला.

"डॉक्टर तं दुसऱ्या अंकातच मरते," तो म्हणाला. "काळा दे. साहेबावानी दिसते."

काळा कोट बंद गळ्याचा, सोनेरी बटणांचा. पण तो सावकाराचा. त्या नाटकातला सावकार सख्ख्या भावाचे घर लबाडीने हडप करतो.

"अबे, लोकायनं रातभर हाच कोट पाह्यला," मी म्हणालो.

"कोट कोन पाह्यते? लोक मानूस पाह्यतेत."

आमच्या गावात नाटक पाहिलेला माणूस झोपायला जात नाही, तोंड धुऊन सरळ झेंड्याला जातो. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झाले, धनराजने "माझ्या बंधूंनो" एवढेच म्हटले आणि पुढे बसलेली सोमारीबाई कडाडली, "भावाचं घर गिटलास अन् आता भाषन करतं का रे?" सारा गाव हसला. पोरांनी बोरे फेकून मारली. साहेब बाहेरचे, त्यांना वाटले खरेच आहे. त्यांनी धनराजला बाजूला नेऊन विचारले, घराची तक्रार कुठपर्यंत आली?

कोट त्यानेच मागितला होता, तरी मी तो मुद्दाम दिला असे धनराजने मनात धरले व माझ्याशी बोलणे टाकले. त्यानंतर तो सगळ्या सभांना चुरगळलेला बनियन आणि गमछा घालून जाऊ लागला. मी जनतेचा माणूस, असे सांगतो. निवडूनही येतो. मनकर्णा म्हणते बघा, माझेच खरे.

पण खरी गोष्ट गावाला ठाऊक नाही. आमचा बाप गेला तेव्हा याच धनराजने आपला हक्क सोडून सारे घर मला दिले. पेट्या पावसात भिजल्या तर दादाचा धंदा बुडेल, एवढेच म्हणाला आणि बायकोला घेऊन सासऱ्याच्या पडवीत राहायला गेला. ज्याने घर सोडले त्यालाच गावाने घर गिळणारा म्हटले. हे मला फार लागले आहे, नऊ वर्षे लागते आहे. म्हणून निम्मे घर त्याचे, आणि हे कलम माझ्यामागे ग्रामसभेत मोठ्याने वाचावे.

जोडटीप. वरील मजकूर झाल्यावर साक्षीला वकील मेश्राम आले, पण दुसरा साक्षीदार कमी पडला, तेव्हा मनकर्णाने मला न विचारता धनराजला निरोप धाडला. तो आला. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, स्वतःचा. "कागदाचं काम हाय म्हून घातलो," म्हणाला. उभ्यानेच कलम ४ वाचले, बराच वेळ लावला.

"अर्धं घर मले काऊन?"

"तुझंच हाय."

वकील म्हणाले, ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, वाटा अडचणीत येतो. धनराजने त्यांच्या हातातला पेन घेतला. "मंग मीच साक्षीदार," म्हणाला. "देलेलं वापस घेत नाई मी, वकीलसाहेब." वकील नको नको म्हणेपर्यंत सही झाली होती.

सबब कलम ४ मधील घराबाबतचा मजकूर रद्द समजावा. ग्रामसभेत मोठ्याने वाचण्याबाबतचा मजकूर कायम आहे. धनराज ओसरीवर बसला आहे. मनकर्णाने दोघांचे ताट वाढले आहे, म्हणून लेखन इथेच संपवतो.

लिहून ठेवणार: मुखरू दादाजी निकुरे (सही)

साक्षीदार:
१. धनराज दादाजी निकुरे, सख्खा भाऊ (सही)
२. सुनील मेश्राम, वकील (सही, नाइलाजाने)

ठिकाण: मौजा बोडीटोला
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५