दोन कॅन, एक फेरी

प्रिय मास्तरीणबाई,

हे तिसरं पान. पहिल्या पानावर मी तुझ्यावरच चिडलो होतो, आणि दुसऱ्यावर इतकी माफी मागितली होती की वाचून माझीच मला कीव आली. दोन्ही फाडली. सकाळपासून एका जागी बसवत नाहीये. चार ओळी लिहितो, उठतो, पोहण्याच्या तलावाला एक चक्कर मारतो, पुन्हा येऊन बसतो. आठ दिवस पाण्यात कुणी उतरलेलं नाही. पाणी इतकं निपचित पडलंय की तळाची फरशी कुठे तडकलीय ते काठावरून दिसतं. शिट्टी नाही, छपाक नाही, कुणाची आई गॉगल विसरला म्हणून ओरडत नाही. मला ही शांतता सहन होत नाही. काल मी उगाचच पंप चालू करून पाच मिनिटं नुसता आवाज ऐकला.

तुला कारणे दाखवा नोटीस आल्याचं मला तिकीट खिडकीवरच्या बाईंकडून कळलं. सोमवारी चौकशी समितीपुढे उभं राहायचं आणि सांगायचं, की भिंतीवर लावलेली योजना मोडून तू बावीस मुलं ओल्या अंगाने, अनवाणी, वाहत्या रस्त्यापलीकडे का नेलीस. उत्तर पटलं नाही तर नोकरी गेली. बाई म्हणाल्या, तिचं काही खरं नाही आता. मी त्यांच्यावर असा खेकसलो की त्यांनी खिडकीच लावून घेतली. मग बाहेरून सॉरी म्हटलं, तर आतून आवाज आला, तुझा राग आणि तुझं सॉरी दोन्ही फुकट मिळतं रे बाबा, म्हणून कुणी घेत नाही.

ती योजना माझ्याच हातची, हे आता कुणाच्या लक्षातही नाही. मॅनेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं होतं, तपासणी येतेय, क्लोरीन सुटला तर काय करायचं याचा कागद भिंतीवर पाहिजे, तू कॉलेजचं तोंड पाहिलंयस, तूच लिही. दीड वर्षं पाहिलं तोंड, तेही रसायनशास्त्राचं, आणि मग सरांच्या टेबलावर जर्नल आपटून बाहेर पडलो. आई अजून पाहुण्यांना सांगते, शिकतोय तो, सध्या पाण्यावर प्रयोग चाललेत. पण तो कागद मी मनापासून केला, खरंच सांगतो. दोन दिवस खपलो. नकाशा काढला, हिरवे बाण काढले. तीन शिट्ट्या, मग मुलं कपडे बदलायच्या खोल्यांतून मागच्या अंगणात, तिथे हजेरी. वायूपासून वाचवणारा मुखवटा पंपघरातल्या कपाटात. मला वाटलं होतं तू बघशील आणि म्हणशील, अरे वा.

तू बघितलंस आणि सगळ्यांसमोर विचारलंस, मागचं अंगण? पंपघराचा पंखा तिकडेच तोंड करून बसलाय की. आणि गॅस पंपघरात असताना मुखवटा आणायला पंपघरात कोण जाणार, तू? लाइफगार्ड फिस्सकन हसला. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, तू मुलांना हातपाय मारायला शिकव, रसायनं माझ्यावर सोड. तुझा चेहरा कसा मिटला ते मी पाहिलं, आणि तरी वर आणखी एक वाक्य टाकलं, तेही तुला आठवत असेल. मॅनेजरसाहेब म्हणाले, आता कागद लॅमिनेट झालाय, बदलायचा तर पुढच्या वर्षी बघू. तुझं बरोबर होतं हे मला जिना उतरता उतरताच कळलं होतं. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो. मोठ्या माणसाच्या कमरेइतका, म्हणजे तुझ्या बॅचमधल्या पोरांच्या नाकाइतका. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. पण परत वर येऊन तसं म्हणायला जो एक जिना चढावा लागतो, तो माझ्याच्याने चढवला नाही.

त्यानंतर नऊ दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. नऊ दिवस म्हणजे किती, हे तुला नाही कळायचं, तुला दिवसभर बडबडणारी बावीस पोरं आहेत. मला पंपघरात एक आपले जुने पंपवाले काका, आणि काका आठवड्याला तीन वाक्यं बोलतात. मी तिथे बसून तू मला पोहायला शिकवलंस ते दिवस उगाळत बसायचो. दुपारची बॅच सुटली की उथळ भागात, कमरेएवढ्या पाण्यात. पंपवालाच बुडाला तर तलावाची अब्रू काय राहील, म्हणायचीस. माझ्या हनुवटीखाली दोन बोटं धरायचीस, फक्त दोन, आणि म्हणायचीस, आता सोडते हं. मी म्हणायचो, नको. तू म्हणायचीस, मघाशीच सोडलीत. त्या एका महिन्यात मला पोहायला आलं आणि बाकी सगळं यायचं बंद झालं. झोप, भूक, कामात लक्ष.

काकांचा एक नियम तुला माहीत आहे, कारण तो तुझ्या डोळ्यांसमोरूनच चालतो. लिक्विड क्लोरीनचे आणि ॲसिडचे कॅन ठेवायची कोठी तलावाच्या त्या टोकाला, पंपघर ह्या टोकाला. आधी क्लोरीनचा कॅन आणायचा, त्याच्या टाकीत ओतायचा, रिकामा कॅन कोठीत परत ठेवायचा, आणि मगच ॲसिडचा आणायचा. दोन कॅन, दोन फेऱ्या. दोघांची गाठ पंपघरात पडताच कामा नये, कारण ते एकमेकांत मिसळले की जे उठतं त्याला औषध नाही. काका यावर भाषण देत नाहीत. कुणी गडबड करताना दिसला की म्हणतात, घाई आहे का, मग घरी जा. त्या आठवड्यात काका रजेवर, लेकीकडे गेले होते. कोठीपासून पंपघरापर्यंतची वाट तुझ्या बॅचच्या काठाकाठाने जाते. दोन फेऱ्या म्हणजे जाता-येता चार वेळा तुझ्या पुढून जायचं, आणि तू चारही वेळा पाण्याकडे बघणार.

गॅस सुटला त्या सकाळी तू काय केलंस ते मी पंपघराबाहेर खोकत उभा राहून पाहिलं. वास आल्याबरोबर शिट्टी. लाइफगार्ड ओरडत होता, मागे, मागे, नकाशात मागे आहे. तू ओला हात वर धरलास, वारा कुठून येतोय ते पाहिलंस आणि म्हणालीस, पुढचं फाटक, चप्पल कुणी शोधायची नाही. पोरांनी एकमेकांचे हात धरले. तू रस्त्यात उभं राहून गाड्या थांबवल्यास, अंगावर ओला पोशाख आणि गळ्यात शिट्टी, आणि समोरच्या बँकेच्या पायऱ्यांवर सगळ्यांना बसवून डोकी मोजलीस. एक मुलगी फुटपाथवर घसरली, तिचं मनगट मोडलं. तिच्या वडिलांनी काढलेला व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. मागच्या अंगणातल्या कुंड्या मात्र कुणी पाहिल्या नाहीत. पिवळट धूर तिथे वीस मिनिटं बसून होता. दुसऱ्या दिवशी पानं पांढरी पडून गळाली. हजेरीसाठी मी जी रांग आखली होती, ती त्या कुंड्यांच्या पुढ्यातच.

मॅनेजरसाहेबांच्या अहवालात आलंय की कॅनवरचं लेबल पुसट होतं, चूक माल पुरवणाऱ्याची. लेबल चांगलं ठसठशीत होतं. मी त्या सकाळी दोन्ही कॅन एकदमच उचलले होते, दोन हातांत दोन, म्हणजे तुझ्यापुढून एकच फेरी होईल. टाक्या शेजारी शेजारी आहेत, झाकणं मी दोन्हींची काढून ठेवली होती. पंपघराच्या जाळीतून तलाव दिसतो. लाइफगार्ड तुला काहीतरी म्हणाला आणि तू हसलीस. नऊ दिवसांनी मी तुला हसताना पाहत होतो, आणि बघत बघत कॅन कलता केला. कुठला कॅन, कुठली टाकी, माझं लक्षच नव्हतं. डोळ्यांच्या आधी नाकाला कळलं. मी कॅन टाकून पळालो, दार आपटलं. पंख्याचं बटण दाराच्या आत हातभर अंतरावर होतं, ते बंद करायचं मला सुचलंसुद्धा नाही.

आणि तू मला पाहिलं होतंस. दोन कॅन घेऊन जाताना नऊ दिवसांत पहिल्यांदा तू माझ्याकडे बघितलंस, चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. या हाताकडे, मग त्या हाताकडे. काहीतरी म्हणणार होतीस, पण आपलं बोलणं बंद होतं ना. प्राथमिक चौकशीत त्यांनी तुला विचारलं, कॅन कोणी आत नेले, तर तू म्हणालीस, लक्ष नव्हतं, मी मुलांकडे बघत होते. बावीस डोक्यांतलं एक पाण्याखाली गेलं तर पाठमोरी असताना जिला कळतं, तिचं म्हणे लक्ष नव्हतं. समितीला तुझ्याकडून एवढंच हवंय, की एका क्षणात तुला कसं कळलं की गॅस पंपघरातूनच येतोय आणि मागचं अंगण विषारी होणार. त्याचं एकच उत्तर आहे, आणि ते दिलंस तर मी अडकतो, म्हणून तू नोकरी घालवायला निघालीस. मला याचा इतका राग आला की मी चार पानं तुझ्यावर भडकलो असतो. पण ते पहिलं पान फाडलंय.

तेव्हा आता नीट वाच. परवा मी सगळं लिहून मॅनेजरसाहेबांना दिलं. त्यांनी ते खणात टाकलं आणि म्हणाले, प्रकरण मिटत आलंय, तू कशाला उकरतोस, तुझ्यासारख्याला दुसरी नोकरी कोण देणार. आयुष्यात पहिल्यांदा मी टेबलावर काही न आपटता बाहेर आलो. काल दुसरी प्रत घेऊन थेट मुख्य कार्यालयात गेलो, आवक खिडकीवर दिली, शिक्का आणि क्रमांक घेतला. त्याची झेरॉक्स या पत्राला जोडलीय. माझं जे व्हायचं ते होईल. आईलाही सांगितलंय. पण तुझं ते ‘लक्ष नव्हतं’ आता माझ्या काही कामाचं राहिलं नाही, त्याने मी वाचत नाही, फक्त तू बुडतेस. म्हणून सोमवारी विचारलं की सांग, दोन्ही हातांत कॅन होते. उजव्यात ॲसिडचा, डाव्यात क्लोरीनचा. मी तसंच लिहून दिलंय, आपले जबाब जुळले पाहिजेत.

तुझाच, बोललीस तरी आणि नाही बोललीस तरी,
पंपवाला