तुळशीला पाणी घातलं का?

मी, सहदेव लवू घाडी, वय ६६, गिरणीतील निवृत्त टाइमकीपर, राहणार जोगेश्वरी पूर्व, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणाचा दबाव नाही, आणि पत्नी सुगंधा मागच्या गणपतीत गेल्यापासून मला हे लिही, ते खोड, असे सांगणारेही घरात कोणी नाही.

१. खोली व बँकेतील शिल्लक मुलगा चंद्रप्रकाश, राहणार मुलुंड, याला मिळावी. सुगंधाची नथ सूनबाई मीराला.

२. सुगंधाचे निळे पातळ कोणाला देऊ नये. ते माझ्या उशाशी असते. माझ्याबरोबर पाठवावे.

३. टीव्ही शेजारच्या शेवंतीवहिनींना द्यावा. याचे कारण सविस्तर लिहितो.

दर गुरुवारी गुप्तहेर देवयानीची मालिका लागे तेव्हा आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. देवयानी पदर खोचून भिंतीवरून उडी मारी, तेव्हा सुगंधाही बसल्या जागी पदर खोची. शेवटच्या भागात देवयानी शत्रूच्या हातून सुटली म्हणून हिने चाळभर लाडू वाटले. लोक विचारत, "नातू झाला काय?"

शेवंतीवहिनींचे यजमान धोंडिराम मात्र कधी आत बसले नाहीत. "मी बघूक नाय इलंय, सहज उभो आसंय," म्हणत आणि पूर्ण मालिका उंबऱ्यात उभे राहून बघत. वर शेरा, "बायलमाणसाक ह्या जमतला काय?" सुगंधा म्हणे, "भावजी, तुम्हाला बसायला जमत नाही, ते आधी बघा."

त्यांची मुलगी प्रेमा हिला पोलिसात जायचे होते. बापाचा नकार. मग सुगंधाने मालिकेतली युक्ती केली. प्रेमा दूध आणायला म्हणून पहाटे मैदानात धावायला जाई, दूध सुगंधा आणी. धोंडिराम गॅलरीत आले की सुगंधा देवयानीचा परवलीचा शब्द मोठ्याने विचारी, "तुळशीला पाणी घातलं का?" म्हणजे जपून ये. प्रेमा खालून उत्तर देई, "मंजिऱ्या आल्या!" म्हणजे समजले. शेवंतीवहिनींना यातले काही ठाऊक नव्हते. त्या प्रत्येक हाकेला तांब्या घेऊन धावत. तुळस शेवटी पाण्यानेच कुजली.

प्रेमा भरती झाली. धोंडिराम दोन वर्षे तिच्याशी बोललेले नाहीत. ती अंधेरीला मैत्रिणीबरोबर राहते. सुगंधा जाताना म्हणाली, "तेवढं एक राहिलं हो."

४. म्हणून टीव्हीची अट अशी: गुरुवारी, आता दुसरी मालिका लागते तेव्हाही, दार उघडे ठेवावे व प्रेमाला बोलावणे तिच्या वडिलांनी स्वतः करावे. अँटेनावर कावळा बसून चित्र हलले तर तेही त्यांनीच बघावे.

५. माझी वेताची खुर्ची धोंडिराम यांना द्यायची होती. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देऊ नये. म्हणून तीही शेवंतीवहिनींना. त्यांनी ती उंबऱ्याच्या आत ठेवावी व यजमानांना बसवावे.

६. साक्षीदारांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही करावयाची आहे. वकिलांनी विचारले, "एकमेकांसमोर कशाला?" मी म्हटले, "त्यासाठीच तर मृत्युपत्र करतोय."

साक्षीदारांनी फक्त सही बघायची असते, म्हणून वरील मजकूर दोघांनाही वाचून दाखवलेला नाही.

(सही) सहदेव लवू घाडी
साक्षीदार: (सही) धोंडिराम गोविंद परब
साक्षीदार: (सही) प्रेमा धोंडिराम परब
जोगेश्वरी, मुंबई. रविवार, ८ फेब्रुवारी १९८७

ता. क. सह्या झाल्या. धोंडिराम पेनाला टोपण लावत राहिले. मग पेनाकडेच बघत म्हणाले, "तुळशीक पाणी घातलंस काय गो?"

म्हणजे यांना सगळे ठाऊक होते.

प्रेमा म्हणाली, "मंजिऱ्या आल्या, बाबा."

हाही मृत्युपत्राचा भाग समजावा. बापाने 'जपून ये' म्हटले, त्यातले 'ये' हेच बोलावणे धरून कलम ४ ची अट आजच पुरी झाल्यामुळे टीव्ही मी मरण्याची वाट न बघता गुरुवारच्या आत घेऊन जावा. मी बघायला येईन.

(सही) स. ल. घाडी