मानेचं वर्तमान

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घातला असं समज, सध्या वाकता येत नाही, कारण पुढे येईलच). तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं असं आईकडून कळलं, म्हणून अक्षर मुद्दाम टपोरं काढतोय. गुडघे काय म्हणतात? आतोबांचा खोकला? आमच्याकडे सगळे ठणठणीत, मी सोडून.

आमच्या हेवी मेटल बँडचं नाव 'राखरांगोळी', हे तू शेजारणींना सांगत नाहीस, पण तुला माहीत आहे. त्यात मी लीड गिटार वाजवतो. म्हणजे गायक ओरडून दमला की मधल्या जागेत मी एकट्याने सुसाट वाजवायचं आणि केस मोकळे सोडून मान गरागरा फिरवायची. वीस वर्षं फिरवली. दोन महिन्यांपूर्वी भर कार्यक्रमात ती डावीकडे गेली आणि तिथेच राहिली. बोटं चालत होती, म्हणून वाजवत राहिलो. पण डावीकडे आमचा ड्रमर बसतो. मी एकटक त्याच्याकडेच बघतोय म्हटल्यावर त्याला वाटलं, वेग वाढव म्हणतोय. त्याने वाढवला. मी डोळे वटारले, त्याने आणखी वाढवला. आठ मिनिटांचं गाणं पाचात आटोपलं. गायक (धिप्पाड गडी, दोन्ही दंडांवर कवट्या गोंदलेल्या) स्पीकरवर फतकल मारून पाणी मागू लागला. लोक मात्र बेहद्द खूश.

डॉक्टरीणबाईंनी मान सरळ करून पट्टा अडकवला आणि विचारलं, "काम काय करता?"

"गिटार वाजवतो."

"मग काळजी नाही. शांत काम आहे."

शेजारी उभी असलेली आई भिंतीकडे तोंड करून हसली.

बुटांच्या नाड्या बांधता येईनात, म्हणून मुक्काम आई-बाबांकडे हलवला. माझ्या धंद्याबद्दल तुझ्या भावाचं मत तू जाणतेसच. ज्या माणसाचं उभं आयुष्य वाचनालयात लोकांना 'शू' करण्यात गेलं, त्याच्या घरात मी निपजलो, यात दोघांचाही दोष नाही. आजवर त्यांनी माझा एकही कार्यक्रम पाहिला नव्हता. अशात मॅनेजरचा फोन आला: पुढच्या शनिवारी तू आराम कर, एक मुलगा बघितलाय, बोटं विजेसारखी चालतात. मॅनेजरचा आवाज इतका गोड होता की आराम कायमचा आहे हे मी ओळखलं. जेवण जाईना. बाबा पेपरात डोकं घालून बसले होते. तसेच म्हणाले, "त्या मुलाला तुमची गाणी वाजवता येतात?"

"येतात."

"तुझ्यासारखी?"

मी नाही म्हणून मान हलवायला गेलो, पट्ट्याने हलू दिली नाही.

"मग तू जा. मी गाडी काढतो."

आईने पट्ट्यावर काळं कापड चढवून जुन्या कोटाची पितळी बटणं शिवली. (लांबून भयंकर दिसतं, जवळून मी हॉटेलचा लिफ्टमन वाटतो.) मी खांबासारखा ताठ उभा राहून वाजवलं. आत्या, इतक्या वर्षांत मी प्रेक्षक कधी पाहिलेच नव्हते गं, कायम स्वतःचे केस डोळ्यांपुढे! निम्म्यांना टक्कल पडलंय. एक बाई जाडजूड कानटोपी घातलेल्या तान्ह्याला बाटलीने दूध पाजत होती. आणि पहिल्या रांगेत बाबा, दोन्ही कानांत बोटं घालून. माझं एकट्याचं वाजवणं सुरू झालं तसं त्यांनी एक बोट काढलं. थोड्या वेळाने दुसरंही. तिथे माझे दोन सूर साफ चुकले (कुणाला कळलं नाही, ही या संगीतातली मोठी सोय). नंतर मॅनेजरने त्या मुलाबद्दल चकार शब्द काढला नाही.

डोळ्यांत औषध वेळेवर घालत जा. आतोबांना नमस्कार.

तुझा,
ताठ मानेचा भाचा

ता. क. : खरं काम राहिलंच. बाबा आता प्रत्येक कार्यक्रमाला येतात. बँडच्या गाडीत पुढची सीट त्यांची. ड्रमरने मांडीवर ताल धरला की 'शू' करतात. गाण्यांचे शब्द कागदावर उतरवून घेऊन लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेत. 'विनाश'मधली वेलांटी चुकली म्हणून गायकाला तो शब्द दहा वेळा लिहायला लावला (त्याने लिहिला). ते फक्त तुझं ऐकतात. थोरली बहीण म्हणून जरा दटावून लिही, की या वयात घरी बसावं.

ता. ता. क. : नको लिहूस गं. तुझं ऐकून ते खरंच घरी बसायचे.