‘डिसाइड’ म्हणजे कापणं

४ मार्च
आज शब्दकोशाच्या ‘डी’च्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावर आल्या. आधी इंग्रजी शब्दाचं मूळ द्यायचं, मग मराठी अर्थ. दुपारपर्यंत काम झरझर चाललं होतं. मग ‘डिसाइड’ आला.
मूळ लॅटिन. ‘दे’ म्हणजे अलग, ‘काएदेरे’ म्हणजे कापणं. ठरवणं म्हणजे कापून टाकणं. त्याच काएदेरेपासून ‘होमिसाइड’ – मनुष्यवध.
चिठ्ठी पालथी ठेवली. चहाला गेले.

५ मार्च
चिठ्ठी तशीच पालथी.

७ मार्च
संपादक म्हणाले, “साधा शब्द आहे हो. ठरवणे, निर्णय घेणे. अडलंय कुठे?”
काय सांगणार? की हे क्रियापद मी मागच्या वर्षी स्वतःच्या हातांनी करून बसलेय?
बाबा एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर होते. डॉक्टर म्हणाले, आता सुधारणा नाही, यंत्र काढायचं का ते घरच्यांनी ठरवा. दादा परदेशात. फोनवर म्हणाला, “तिथे तू आहेस. एकदाचा काय तो तुकडा पाड.” म्हणजे आपल्याकडेही ठरवणं म्हणजे तोडणंच. लॅटिनला कशाला बोल लावायचा.
आई खाली बाकावर बसून होती. तिला विचारायचा धीर झाला नाही. सही मी केली. यंत्र काढल्यावर बाबा सात मिनिटं होते.

१० मार्च
त्या यंत्राचा सुस्कारा अजून ऐकू येतो. ऑफिसातल्या पंख्यात, कुकरच्या वाफेत. चालू असला की दचकते, थांबला की जास्तच.
आई कामापुरतं बोलते. “गॅस संपत आलाय.” “कपडे वाळलेत.” आज मी भाजी चिरायला घेतली तशी उठून आत गेली. वर्षभर हेच. माझ्याकडे सरळ बघतसुद्धा नाही. कशी बघेल?

१२ मार्च
चिठ्ठी पुरी केली. ठरवणे, निर्णय घेणे, निकाल लावणे. तिसरा अर्थ खोडला, परत लिहिला. संपादकांनी बरोबरची खूण केली.
घरी आल्यावर चपला न काढताच आईला म्हटलं, “त्या दिवशी तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं.”
ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग आपल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

१३ मार्च
सकाळी आईने तिची पर्स माझ्यापुढे ठेवली. आतल्या कप्प्यात घडी घातलेला कागद. अक्षर बाबांचं, खाली सही, तारीख तीन वर्षांपूर्वीची. एकच ओळ – ‘मला यंत्रावर जगवू नका.’
आई म्हणाली, “यंत्र लावलं त्या पहिल्या दिवसापासून माझ्याजवळच होता गं. दाखवला असता, तर तुम्ही त्यांना तेव्हाच जाऊ दिलं असतं.”