सात नंबरचा दांडा

दि. ४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

जुन्या इंजिनांचं राष्ट्रीय संग्रहालय राजधानीत व्हावं, आपल्या कारखान्यातलं इंजिनही तिकडेच न्यावं, असा अहवाल तू लिहितोयस म्हणे. वर समितीचे अध्यक्ष किती समजूतदार, हेही कळवलंस. अरे शहाण्या, तुझे अध्यक्ष म्हणजे बाबांचे फोरमन! तू तेव्हा पाळण्यात होतास, तुला कुठून ठाऊक असणार.

याच इंजिनाचा ब्रेक चाचणीत सुटला आणि हाताखालच्या खलाशाचा, मदतनिसाचा, पाय गेला. ब्रेकच्या दांड्याला जागेवर धरणारी खीळच नव्हती. फोरमननी बाबांवर ढकललं. इथे जो कुणी काम करी, तो त्या भागावर आपला नंबर ठोकी. बाबांचा एकोणीस. दांड्यावरचा नंबर बघा, म्हणून बाबा घसा फोडून सांगत होते; पण चौकशी खुर्चीत बसून झाली, आणि दांड्यावर रंगाचा जाड थर चढला. नोकरी गेली, नाव गेलं, शेवटी बाबाही गेले.

काल चौकीदाराला गाठून मी उलथनं आणि रॉकेलचं फडकं घेऊन इंजिनाखाली शिरले. तासभर खरवडलं, तेव्हा सात निघाला. सात फोरमनचा, कुठल्याही म्हाताऱ्या फिटरला विचार. घाईत त्यांनी स्वतः दांडा बसवला, नंबर ठोकला आणि खीळ विसरले. राजधानीत सात म्हणजे नुसता आकडा, म्हणून त्यांना इंजिन तिकडे हवंय. ते इथून हलता कामा नये.

तुझी,
ताई

दि. १९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खरं सांगतो, पत्र वाचून आधी तुझाच राग आला. राजधानीत लाखो लोक बघतील; बाबा काही परत येणार नाहीत, असं मनात आलं. तरी बैठकीत सहज म्हटलं, की इंजिन खालूनही दाखवू, कारागिरांचे नंबर लोकांना आवडतील. अध्यक्ष म्हणाले, खाली काय बघायचंय, सगळं नव्याने रंगवून टाका. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

अहवाल बदलला. इंजिन जिथे घडलं तिथेच, त्याच तपासणीच्या खड्ड्यावर उभं राहावं, लोकांनी खाली उतरून बघावं. बाकी सदस्य खूश. अध्यक्षांना नाही म्हणायला कारण सापडेना, आणि खरं कारण बोलता येईना.

तुझ्यावर माया आहेच, माझा कान पिळायचा हक्कही राखून ठेव.

तुझा,
धाकटा

दि. २ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुला तापानेही आजच गाठावं! उद्घाटन यथासांग झालं. भाषणात अध्यक्षांनी कारागिरांचे गोडवे गायले. मग जुने फिटर एकेक करून खड्ड्यात उतरले आणि वर आले. चहाच्या वेळी अध्यक्षांच्या शेजारी कुणी उभं राहीना. खलाशीकाकांना कुबड्यांमुळे उतरता येईना, त्यांना मी नंबर कानात सांगितला. ते बराच वेळ रडले.

नंतर अध्यक्षसाहेब माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, की नात सोबत आली आहे, तिला तेवढं खाली नेऊ नका. मी म्हटलं, बाबांनाही मुलं होती, त्यांना शाळेत काय काय ऐकावं लागलं ते विचारा कधी. आणि पोरीचा हात धरून तिला खाली नेलं. आठ-नऊ वर्षांची, गोड आहे. सातवर बोट ठेवून तिने हा कुणाचा म्हणून विचारलं. मी सांगितलं. बाबांचं आणि खलाशीकाकांचंही सांगितलं.

गाडीत बसताना आजोबांनी हात पुढे केला, तो तिने धरला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं रे. वाटलं नाही.

औषध वेळेवर घे, आणि या तुझ्या खाष्ट ताईवरची माया पातळ करू नकोस.

तुझी,
ताई