मिठाने धरलेला बोल्ट

११ जानेवारी, शनिवार

सतरा नंबरचा पाना नाहीसा झाला आहे. गेली बावीस वर्षं तो स्वयंपाकघराच्या खिडकीत, हिंगाच्या डबीशेजारी नांदत होता. सगुणाला विचारलं. ‘माझ्या पाठीखाली बघा. काहीतरी टोचतंय खरं!’ बायको दीड महिना अंथरुणावर असली की घरातले पानेसुद्धा मोकाट सुटतात.

पाना हवा, कारण वीस तारखेला तिला पेणला मणक्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं आहे. बसवत नाही म्हणून मागच्या सीटवर आडवी नेतो. गाडीचे धक्के झेलणारे मागचे दोन्ही शॉकप मेलेले. गेल्या खेपेला रोह्यापासून प्रत्येक खड्ड्याला कण्हली. मी मोजत होतो. नागोठण्याला चाळीस झाले, पुढे मोजवेना.

१२ जानेवारी, रविवार

हरेश आला. वरसे नाक्यावर त्याचं गॅरेज. दहावीला माझ्या संस्कृतात काठावर पास. डावा शॉकप अर्ध्या तासात काढला. उजव्याचा नट पान्याला पाइप लावून निघाला, पण खालचा बोल्ट रबरी बुशाच्या लोखंडी नळीत गंजून असा धरलेला की हातोड्यालाही दाद देईना.

‘सर, एकाच बाजूला एवढा गंज? काय वाहत होता गाडीतून?’

मी हातोडा पुसायला घेतला. आतून सगुणाचा आवाज — ‘सांगा ना! मीठ!’

सासरे कान्हूबाबा, पेणच्या खाडीवरचे मिठागरवाले. दर मे महिन्यात आळीच्या लोणच्यांसाठी दोन गोणी ओलं मीठ डिकीत, स्वतः उचलून, उजव्या कोपऱ्यात ठेवायचे. खाली प्लॅस्टिक अंथरावं हे मला पहिल्याच वर्षी सुचलं होतं. अंथरलंही. बाबा बघून म्हणाले, ‘जावयांना आमच्या मिठाची घाण वाटतंय व्हय?’ प्लॅस्टिक काढून घडी केली. बाबा गेले तोवर सोळा वर्षं गाडीला मिठाचा अभिषेक!

१४ जानेवारी, मंगळवार

दोन दिवस तेल पाजलं. आज गॅसच्या ज्वाळेने नळी लाल केली. रबर जळून सगळ्या आळीत वास. बोल्ट ढिम्म. मी म्हटलं, सत्तावीस वर्षं वर्गात संस्कृतचे धातू चालवतोय, पण हा एक चालायला तयार नाही. सगुणा म्हणाली, ‘हा विनोद नववीला ऐकवा. त्यांना मार्कांची भीती असते.’

संक्रांतीचा तिळगूळ तिने पडल्यापडल्याच दिला. हरेशला दोन.

१६ जानेवारी, गुरुवार

सगुणाबाई आज भिंतीला धरून ओट्यापर्यंत चालत गेल्या. डावी चप्पल पायातून निघून दारातच राहिली, तिला पत्ता नाही! म्हटलं, घरातली शेवटची शहाणी वस्तूही तुला सोडून गेली. ‘सैल झालीय हो,’ म्हणाली.

१८ जानेवारी, शनिवार

निघाला! म्हणजे, कापला. हरेशने ग्राइंडर लावून दोन्ही बाजूंनी उडवला. ‘सर, हा सरळ मार्गाने नायच निघायचा.’ नवे शॉकप, नवे बोल्ट, ग्रीस माझ्या हाताने. थोडं जास्तच.

कापलेला तुकडा सगुणाला नेऊन दाखवला. तिने तो हातात फिरवला, बोटाला लागलेला गंज बघितला. ‘बाबांचं मीठ मुरलं चांगलं.’ तुकडा परत दिला नाही. उशीशेजारी ठेवलाय.

२० जानेवारी, सोमवार. पेण, दवाखान्याबाहेरचा बाक

एकदाही कण्हली नाही! रोह्यापासून इथपर्यंत — एकदाही नाही! नागोठण्याच्या अलीकडचा तो खड्डा मुद्दाम घेतला (देव क्षमा करो). आरशात बघितलं, तर बाई डोळे मिटून शांत. विचारलं, दुखलं? ‘नाही हो. काहीच नाही.’ हरेशला फोन केला. म्हणाला, ‘मग! हात कोणाचा!’ बाकावरचे लोक माझ्याकडे बघतायत. बघोत. आत तपासणी चालली आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

काल मला आत बोलावलं आणि डॉक्टरांनी माझ्यासमोर तिच्या डाव्या पावलाला टाचणी टोचली. सगुणा छताकडे बघत होती. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, ‘टोचणार आहात ना?’

त्या चपलेवर मी विनोद केला होता.

डॉक्टर म्हणाले, दुखणं असं अचानक थांबतं तेव्हा नस दबून बधिर झालेली असते. उद्या ऑपरेशन. पायात जीव परत येईल का, ते सांगता येत नाही म्हणाले.

गाडी उत्तम चालते आहे. मला भीती वाटते की सगुणा चालणार नाही.