पायचा घास

स्टॅनमोर,
जानेवारी

प्रिय वरदा,

काल तुझ्याकडे मेडनहेडला मी चीज-कांद्याचं सारण भरून भाजतात तो चीज अँड अनियन पाय केला. बोल्टनला, इंग्लंडमधल्या माझ्या पहिल्या नोकरीत, घरमालकीण मिसेस होल्ट माझ्यासाठी, एकट्या शाकाहारी डॉक्टरीणबाईसाठी, मुद्दाम तो करायची. ड्यूटीवरून गारठून आले की पहिल्या घासालाच जिवात जीव यायचा.

काल तोच घास छातीत अडकला. पाणीही खाली उतरेना. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि सगळं ओकले. वळले तर दारात तुझी तनिषा.

"आजी, तू आजारी आहे?"

"नाही गं, गरम होतं. मम्मीला सांगू नकोस."

सात वर्षांच्या पोरीला मी लपवायला शिकवलं. तीस वर्षं जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून पेशंटना रागावत आले, "इतके दिवस का थांबलात?" का थांबतात ते आता कळतंय.

आज सकाळी सर्जरीला, माझ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, फोन केला. रिसेप्शनिस्टनं विचारलं, कधीपासून? "दोन आठवडे," म्हणून फोन ठेवला. मग पुन्हा लावला आणि खरं सांगितलं: दिवाळीपासून, आणि वजन सहा किलो उतरलंय. तिनं लगेच डॉक्टरांना जोडून दिलं. गुरुवारी घशातून कॅमेरा घालून बघणार आहेत. गुंगीचं इंजेक्शन देतील, म्हणून घरी न्यायला कोण येईल असं विचारलं. मी तुझं नाव दिलं.

हे पत्र पाठवणार नाही. तुला हे माझ्या तोंडूनच कळायला हवं. फोन समोर आहे. तुझं "हं आई, बोल" ऐकलं की मला बोलता येईल का, याचीच भीती वाटते.

तुझी,
आई